फिरत्या घराची भुई

आमच्या घराण्यांत लांकूडकाम कोणी केल्याचें ऐकिवांत नाहीं. आजोबा पंचांग पाहात, वडील पुराण सांगत, आणि आम्ही स्वतः जन्मभर शाळेंत मुलांकडून शब्द चालवून घेत आलों. खडूहून जड हत्यार आमच्या हातीं कधीं आलें नव्हतें. असें असतां वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं आम्हांस गुडघे टेकून एका डब्याची भुई उचकटावी लागली, तिची ही हकीकत आहे.

२०२४ च्या चैत्रांत आमचा पुतण्या पुण्याहून मेहकरास आला तो एकटा आला नाहीं. त्याच्या मोटारीच्या पाठीमागें दोन चाकांचें एक पांढरें घरच जोडलेलें होतें. गल्लींतलीं पोरें मागें धांवत आलीं. कोणी म्हणालें सर्कस आली, कोणी म्हणालें फिरता दवाखाना आला. आंत पाहावें तों एक शय्या, एक बांक, लहानशी मोरी, गॅसची शेगडी आणि पडदे लावलेल्या दोन खिडक्या. अशीं फिरतीं घरें आपल्याकडे अजून विरळा असलीं, तरी महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं त्यांच्यासाठीं धोरणच जाहीर केलें आहे. विलायतेंत हा शोक फार जुना. गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या एका स्कॉटिश डॉक्टरानें १८८५ सालीं, म्हणजे मुंबईस राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें त्याच वर्षीं, मॅहॉगनी व मॅपल लांकडाचें असें घर मुद्दाम बांधून घेतलें आणि त्यास घोडे जोडून तो केवळ मौजेखातर हिंडला. केवळ मौजेखातर घर ओढीत हिंडण्याची कल्पना आमच्या कुटुंबास मात्र कांहीं केल्या पटेना. "घर सोडून निघावयाचें तें चुलीपासून सुटका व्हावी म्हणून, चूलही बरोबर घेतली तर निघालों कशाला?" असा तिचा सवाल होता, आणि त्याचें उत्तर आम्हांस अद्यापि सुचलेलें नाहीं.

पुतण्यानें हें घर मौजेखातर घेतलें नव्हतें. कशासाठीं घेतलें तें सांगणें जिवावर येतें, पण सांगितल्यावांचून पुढची गोष्ट कळणार नाहीं. त्याचे वडील, म्हणजे आमचे वडील बंधु, पुण्यास असतात. वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही त्यांस दादा म्हणतों. २००२ सालीं वाटणी झाली तेव्हां शेत, घर, भांडीं यांचें सारें बिनबोभाट पार पडलें आणि अडलें तें वडिलांच्या दमणीवर. दादा म्हणाले, "ती मीं हांकली आहे, ती माझी." आम्हीं म्हटलें, "ती घराची आहे, घरीं राहील." बैल विकून तोंवर दहा वर्षें लोटलीं होतीं, दमणी गोठ्यांत धूळ खात उभी होती. पण शब्दानें शब्द वाढला आणि आमच्या तोंडून असें एक वाक्य गेलें कीं तें येथें लिहिण्याची लाज वाटते. दादा त्याच संध्याकाळीं निघून गेले. पुढील बावीस वर्षें लग्नामुंजींच्या पत्रिकांवर एकमेकांचीं नांवें छापावयाचीं, एवढाच काय तो संबंध उरला.

मध्यंतरीं दादांच्या कण्याचें शस्त्रकर्म झालें. त्यांना तासाभराहून अधिक वेळ बसवत नाहीं. एके दिवशीं ते मुलास म्हणाले कीं एकदां पैनगंगा पाहावी असें वाटतें. पुणें ते मेहकर हें अंतर सुमारें चारशें किलोमीटर. मुलानें हिशेब केला: दादांनीं मोटारींत पुढें बसावें, तासातासानें गाडी थांबवावी, आणि मागच्या घरांत अर्धा तास आडवें व्हावें. गाडी चालू असतांना मागच्या घरांत कोणी बसावयाचें नाहीं असा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. घर त्यानें कोणाकडून जुनें विकत घेतलें व वडिलांस आणण्यापूर्वीं रस्ता पाहावा म्हणून रिकामें घेऊन आला. वाटेंत त्यास अवकाळी पावसानें दोन वेळां गांठलें होतें.

आम्ही पायरी चढून आंत पाऊल ठेविलें, तों दाराशीं भुई खालीं दबली. ओल्या सारवणावर पाय पडावा तसें वाटलें. पलीकडे खिडकीखालीं तर भुई ताटलीसारखी फुगून वर आली होती. पुतण्याचा चेहरा उतरला. काठी टेकीत चालणाऱ्या माणसाचें पाऊल ज्या जागीं पहिल्यानें पडणार, नेमकी तीच जागा पोकळ निघाली.

आमच्या आळींतले वृद्ध मिस्त्रीबुवा आले. ते भुईवर आडवे झाले आणि बोटाच्या पेरानें ठोकीत ठोकीत सरकूं लागले. चांगल्या जागीं खणखणीत आवाज येई, खराब जागीं ढब् असा. जेथें आवाज बदले तेथें ते खडूनें रेघ ओढीत. खडू अर्थातच आमचा. मग वरचें प्लास्टिकचें आच्छादन सोलून काढलें. खालची प्लायवुडची फळी पुस्तकाचीं भिजलेलीं पानें सुटावीं तशी पापुद्र्यापापुद्र्यानें सुटली होती.

या प्लायवुडची घडण आम्हांस त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती, ती मोठी शहाणपणाची आहे. ओंडका फिरवीत त्याचे पातळ पापुद्रे सोलतात आणि ते एकावर एक असे चिकटवितात कीं एकाचे तंतू उभे तर दुसऱ्याचे आडवे यावेत. लांकूड तंतूंच्या आडवें फुगतें. त्यास शेजारचा थर फुगूं देत नाहीं, आणि म्हणून फळी वांकत नाहीं. थरांची संख्या बहुधा विषम असते. सारी मदार मात्र मधल्या चिकीवर. स्वस्त फळींत युरियाची राळ असते, ती उष्णता आणि ओल एकत्र आल्या कीं सोडून देते. महाग फळींत फिनॉलची राळ असते. ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाची फळी ७२ तास उकळत्या पाण्यांत ठेवून पारखतात. आमच्या पुढ्यांतली फळी उघडच पहिल्या जातीची होती. संधि सुटला कीं विग्रह होतो, हें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून दाखवीत आलों. विग्रह या शब्दाचा अर्थ भांडण असाही आहे, हें मात्र मुलांस हटकून परीक्षेच्या आदल्या दिवशीं सांगत असूं.

पुतण्या लगेच करवत घेऊन बसला होता. मिस्त्रीबुवांनीं ती काढून घेतली. "पाणी कोठून येतें तें कळल्याशिवाय भुईला हात लावायचा नाहीं," ते म्हणाले. एक जण छपरावर घागरीनें हळूहळू पाणी सोडी व दुसरा आंत विजेरी घेऊन बसे, असें तास दीड तास चाललें. शेवटीं मागच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यांतून एक थेंब निघाला, भिंतीच्या आंतून उतरला आणि पार दाराशीं भुईखालीं गेला. म्हणजे भोंक एकीकडे आणि नाश तिसरीकडे. खिडकीभोंवतीची जुनी लुकण वाळून भेगाळली होती. ती खरवडून ब्यूटिलची नवी चिकट पट्टी बसविली. मग भुई तशीच उघडी टाकून आठ दिवस बुलढाणा जिल्ह्याच्या उन्हास काम सांगितलें. लांकडांत शेंकडा वीसहून अधिक ओल असल्याशिवाय कुजविणारी बुरशी वाढत नाहीं असें म्हणतात. आठ दिवसांनीं त्या भुईंत बुरशी काय, विंचूही तहानेनें मेला असता.

दोन ठिकाणचे रोग दोन प्रकारचे होते. खिडकीखालीं थर सुटले होते, पण लांकूड कुजलें नव्हतें. तेथें चार चार बोटांवर गिरमिटानें बारीक भोंकें पाडून इंजेक्शनच्या पिचकारीनें पातळ इपॉक्सी राळ आंत भरावयाची होती. हें काम आम्हीं मागून घेतलें आणि पहिल्याच घासाला माशी पडली. भर दुपारीं आम्हीं कुटुंबाच्या वाटींत सारी राळ एकदम कालविली. ती राळ घट्ट होतांना स्वतःच तापते, आणि जितकी जास्त एके ठिकाणीं, तितकी जास्त तापते. पांच मिनिटांत वाटींतून धूर निघूं लागला व चमचा आंत उभाच्या उभा थिजला. ती वाटी चमच्यासह अजून आमच्या देवळींत आहे. ती टाकूं देण्यास कुटुंब तयार नाहीं. दुसऱ्या खेपेस संध्याकाळीं, थोडी थोडी कालवून, काम नीट झालें. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर फळी, आणि फळीवर ज्वारीचीं दोन पोतीं, पाटा व जात्याची तळी असें वजन चोवीस तास ठेविलें.

दाराशीं मात्र सारें कुजलें होतें. तेथें सुमारें तीन हात लांब व दोन हात रुंद तुकडा कापून काढला. करवतीचें पातें फळीच्या जाडीइतकेंच खालीं सोडलें, म्हणजे खालची तार व लोखंड बचावलें. तुकड्याखालच्या दोन पट्ट्या आणि उंबऱ्याची फळी यांचा हातानें भुगा होत होता. मिस्त्रीबुवा म्हणाले, "बाजारांतलें लांकूड आज ओलें, उद्यां वांकडें. मुरलेला साग पाहिजे. गुरुजी, गोठ्यांत आहे." आणि त्यांनीं गोठ्याकडे पाहिलें नाहीं, आमच्याकडे पाहिलें.

आमच्या दमणीचा तळ सागाच्या फळ्यांचा होता. दोन फळ्यांमध्यें बोटभर फट. लहानपणीं आम्ही दोघे भाऊ पालथे पडून त्या फटींतून खालचा रस्ता पळतांना पाहात असूं. लोणारास जातांना दादा हांकायला बसले म्हणजे आम्ही एकटेच पालथे पडूं आणि खालीं बैलांच्या खुरांची धूळ नाकांत जाई. पावसाचें पाणी आलें तर त्याच फटींतून गळून जाई, वारा लागे, आणि फळी वाळून मोकळी होई; म्हणून ती साठ वर्षें टिकली. नव्या घराच्या भुईस वरून आच्छादन, खालून पत्रा, मध्यें फोम. आंत आलेलें पाणी बाहेर जाणार कोठून?

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. फळ्या दिल्या तर दमणी संपली. ज्या वस्तूसाठीं सख्ख्या भावास तोडलें, ती वस्तु हातानें मोडावयाची. मग बावीस वर्षें कशासाठीं गेलीं, याचा जबाब काय द्यावा? आणि न द्यावी, तर ती ठेवावयाची कोणासाठीं? आमच्यामागें हें घर मुली विकणार, हें आम्हांस ठाऊक आहे. पहांटे कुटुंब म्हणाली, "भावजींचा पाय घसरला तर तुम्हांला ती दमणी कशी दिसेल?" आम्ही उठून कंदील घेतला. वीज आहे, पण गोठ्यांत अजून कंदीलच न्यावासा वाटतो. पहिला खिळा आम्हीं स्वतः उपटला. मिस्त्रीबुवांनीं रंधा मारला तेव्हां करड्या फळींतून मधासारखा रंग निघाला आणि अंगणभर वास सुटला. सागाचा वास इतक्या वर्षांनीं येतो हें आम्हांस नवीन होतें.

नवी फळी ७१० क्रमांकाची मिळाली, पण बारा मिलिमीटरची. जुनी होती नऊची. त्यामुळें दाराशीं जोडावर ज्वारीच्या दाण्याएवढा उंचवटा राहिला. आम्हीं म्हटलें, चालेल. पुतण्या परत जाण्यापूर्वीं आम्ही उभयतां त्याच्यासह लोणारास जाऊन आलों. विवराच्या कांठीं त्या घरांत कुटुंबानें चहा केला, आणि चुलीबद्दलचा आपला सवाल त्या दिवशीं पुन्हां विचारला नाहीं. भुई करकरली नाहीं.

दादा कार्तिकांत आले. समृद्धि महामार्गावर हवें तेथें थांबतां येत नाहीं, म्हणून जालना, सिंदखेड राजा या जुन्या रस्त्यानें आले. पाठ भरून आली होती, त्यामुळें अंगणांत गाडी थांबल्यावर घरांत न येतां प्रथम मागच्या घरांत जाऊन आडवे झाले. आम्ही पायरीशीं उभे राहिलों. काय बोलावें हें महिनाभर योजून ठेविलें होतें, त्यांतलें एक अक्षर आठवेना. दादा खिडकींतून बाहेर पाहात होते.

"गोठ्यांत दमणी दिसत नाहीं," ते म्हणाले.

"तुमच्या भुईखालीं आहे," आम्ही म्हणालों. "तुम्ही चढतांना जिच्यावर पाय दिलात, ती तिचीच फळी. दादा, त्या वेळीं मी जें बोललों—"

दादांनीं हात वर केला. मग पडल्यापडल्याच काठी लांबवून त्यांनीं उंबऱ्यावर दोन वेळां ठोकलें. आवाज खणखणीत आला.

"दाराशीं उंचवटा ठेवला आहेस," ते म्हणाले. "वाटेंत सात वेळां अंगठा लागला. मिस्त्री आहे का अजून तोच?"

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिस्त्रीबुवांनीं दमणीच्या उरलेल्या फळींतून उतरती पट्टी काढून जोडावर बसविली. दादा अंगणांत आरामखुर्ची टाकून अर्धवट आडवे होते, आणि पट्टी कशी तासावी याच्या सूचना मिस्त्रीबुवांस कमी व आम्हांस अधिक देत होते.