वाढत्या अंगाचे वाहन

मुलांचे कपडे शिवायला टाकताना आपल्याकडे शिंप्याला एक सूचना हटकून दिली जाते : "जरा वाढत्या अंगाचे शिवा हं!" एकदा केलेला गणवेश निदान दोन वर्षे पुरावा, ही मध्यम स्थितीतल्या घराची साधी इच्छा. सदरा सैल झाला तर बाह्या दुमडता येतात, विजार लांब झाली तर आत टीप घालता येते. माझे गोव्यातले बालपण अशाच दुमडलेल्या बाह्यांत गेले, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. परंतु काटकसरीचा हा नियम सर्वत्र लावता येत नाही, हे मला माझ्या मुलाने शिकवले. आणि ते शिकवताना त्याला स्वतःचे मनगट मोडून घ्यावे लागले.

त्याच्या आठव्या वाढदिवसाला आम्ही सायकल घेतली. दुकानदार वीस इंची चाकांची दाखवीत होता. मी म्हटले, "पोर काय एवढेच राहणार आहे? चोवीस इंची द्या." तिची बैठक अगदी खाली आणली, तरी मुलाचे पाय जमिनीला जेमतेम चवड्यावर टेकत. पंधरा दिवसांतच घराजवळच्या उतारावर सायकल कलली, टेकायला गेलेला पाय अधांतरी राहिला आणि तो हातावर पडला. मी धावत गेले, पण माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "लक्ष कुठे होते तुझे?" त्याने उत्तर दिले नाही. प्लास्टर निघाले, हात बरा झाला. सायकल मात्र भिंतीला टेकलेलीच राहिली.

यंदा मे महिन्याच्या सुटीत आम्ही बेळगावहून चोर्ला घाट उतरून सत्तरीला माझ्या माहेरी गेलो. तेथे माझा धाकटा भाऊ आमचे कुळागर सांभाळतो. वाटेत कुठेतरी मुलाने जाड टायरांची, चार चाकांची आणि मोटारसायकलसारख्या हँडलने वळणारी एटीव्ही पाहिली होती. त्या दिवसापासून त्याला दुसरा ध्यास उरला नाही. मामाच तो! भाच्याने मागावे आणि मामाने नाही म्हणावे, असे आमच्या घरी घडत नाही. "बाय, सडकेवर न्यायची नाही, कुळागरातच फिरवील," असे सांगून त्याने माझे तोंड बंद केले.

मात्र एकदा फसलेली मी, या वेळी काही वाचून मगच दुकानाची पायरी चढले. सडकेचा प्रश्नच नव्हता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला सार्वजनिक रस्त्यावर असे वाहन चालवता येत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा गुन्हा घडल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. परंतु खाजगी जागेतही धोका उरतोच. अमेरिकेत या गाड्या पूर्वी तीन चाकांच्या असत. त्या इतक्या उलटत, की १९८८ मध्ये सरकार व उत्पादक यांच्यात तडजोड होऊन नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री बंद झाली. चार चाके आली, तरी बैठक उंचच राहिली. वळताना चालवणाऱ्याने आपले अंग वळणाच्या आतल्या बाजूस झुकवून तोल सावरावा लागतो, आणि लहान मुलाच्या अंगात तेवढे वजनच नसते. म्हणूनच तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सोळा वर्षांखालील मुलांना ही गाडी देऊच नका, असे सांगते. ज्यांना द्यायचीच आहे त्यांच्यासाठी उत्पादकांनी वयोगट ठरवले आहेत. सहा वर्षांवरील गटाच्या गाडीचा वेग ताशी चोवीस किलोमीटरच्या वर जाऊ नये, आणि आरंभी तो सोळावरच अडवून ठेवता यावा, असा तिथला नियम आहे.

दुकानदाराने आम्हांला ११० सीसीची लाल गाडी दाखवली आणि तो म्हणाला, "मॅडम, हीच घ्या. चार-पाच वर्षे पुरेल. मुलगा काय, वाढणारच!"

माझेच वाक्य मला परत मिळाले होते. मी मुलाला गाडीवर बसवले. हँडलची मूठ धरून बोटे लांबवली, तरी ती ब्रेकच्या दांडीवर धड पोचेनात. गाडीचे वजन शंभर किलोंहून अधिक, मुलाचे सव्वीस. ती अंगावर आली तर काय, हे गणित मांडण्यास गणिताचे शिक्षक लागत नाहीत.

बाजूला एक लहान गाडी होती. तिचा वेग अडवण्यासाठी स्क्रू होता आणि चालवणाऱ्याच्या कमरेला बांधायची दोरी होती. मूल खाली पडले की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद पडते. हात पोचत होते, पायही नीट टेकत होते. शिरस्त्राण घालायचे, दुसऱ्या कोणालाही मागे बसवायचे नाही, मोठे माणूस जवळ असल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, हे सारे ठरले. ब्रेकचे वा साखळीचे सुटे भाग गावात मिळतील का आणि दुरुस्ती कोण करील, तेही मी विचारले. कारण ब्रेक बिघडलेली गाडी लहान असली तरी सुरक्षित नसते. शेवटी मी भावाला विचारले, "आणि ही चालवायची कुठे?" कुळागर त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असावे : उताराचे टप्पे, चिऱ्यांचे बांध, पोफळींमधून गेलेले पाण्याचे पाट. सपाट जागा एक खळ्यापुरती. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बेस बरें, बाय. आज नको."

परतताना मुलगा रडला नाही. नुसता खिडकीबाहेर पाहत राहिला. मी विचारले, "तुला तीच गाडी का रे हवी होती?"

तो म्हणाला, "चार चाकांची पडत नाही ना. मला सायकल नीट येत नाही. माझे लक्ष नसते."

वर्षभर त्याने माझा प्रश्न मनात जपून ठेवला होता आणि त्याचे उत्तरही स्वतःच देऊन टाकले होते! रोज वर्गात पन्नास मुलांच्या चुका मी लाल शाईने दुरुस्त करते. ही माझी स्वतःची चूक मात्र मला दिसली नव्हती. मी त्याला सांगितले, "तू पडलास तो तुझा दोष नव्हता. सायकल मोठी होती, आणि ती मी घेतली होती." त्याने माझ्याकडे असे पाहिले, की शिक्षिकेने चूक कबूल करण्यास एवढा उशीर लावू नये, असे मला वाटले.

आता त्याच्याकडे वीस इंची सायकल आहे. मोठी शेजारच्या उंच मुलीला दिली. पहिल्या दिवशी तो उतारापाशी थांबला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून पाहिले, ब्रेक दाबून पाहिला आणि मग मागे वळून न बघता गेला. दोन वर्षांत ही सायकल त्याला लहान होईल, हे मला ठाऊक आहे. होऊ दे. सदरा उद्याच्या मुलासाठी घ्यावा. वाहन मात्र आजच्या मुलासाठीच घ्यावे.