एका ‘ये’चा फरक

आठवीच्या उर्दूच्या तासाला एका मुलाने ‘तजदीद’चा मराठी अर्थ विचारला. आम्ही चटकन फळ्यावर ‘नूतनीकरण’ लिहिले. “लायसन्सचं करतात ते?” त्याने विचारले. वर्ग हसला. पण खरेच, उर्दूत लायसन्सचीही तजदीदच होते.

मुलाचे उदाहरण आमच्या अर्थापेक्षा चांगले निघाले. लायसन्स नवे केले तरी नंबर तोच राहतो, फक्त मुदत वाढते. वुजू कायम असतानाही पुढच्या नमाजसाठी पुन्हा वुजू करणे, ही तजदीदच. दर शतकाच्या आरंभी दीनची तजदीद करणारी व्यक्ती अल्लाह पाठवतो, अशा अर्थाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. अशा व्यक्तीला मुजद्दिद म्हणतात. १६२४ मध्ये वफात पावलेले शेख अहमद सरहिंदी ‘मुजद्दिद अल्फ सानी’ म्हणून ओळखले जातात. मुजद्दिद नवा दीन आणत नाही, आहे त्यावरची धूळ झटकतो. नवेपणाच्या ओढीसाठी उर्दूत वेगळा शब्द आहे, ‘तजद्दुद’. लिहिताना फरक फक्त एका ‘ये’चा. मुले तिथे चुकतात आणि आम्ही लाल शाईने गोल काढतो.

घरी मात्र आम्हीच चुकलो होतो. अब्बांच्या पश्चात जमिनीच्या वेळी आम्ही भावांनी बाजीची हक्कसोडपत्रावर सही घेतली. ती नाही म्हणाली नाही. आमच्याकडे बहिणी म्हणत नाहीत. पुढे तिचे येणे कमी झाले. तअल्लुकातची तजदीद करावी म्हणून मागच्या ईदला आम्ही भारी ड्रेसपीस आणि मिठाई घेऊन गेलो. तिने शीरखुर्मा वाढला, मुलांची चौकशी केली आणि दारापर्यंत सोडायला आली, पाहुण्यांना सोडतात तशी.

ड्रेसपीस नवा होता. जे जुने होते, सूरह निसामध्ये मुलीसाठी ठरवून दिलेला हिस्सा, त्याला आम्ही हातही लावला नव्हता.

धाकटा म्हणतो, कागद झाला, सातबारावर नोंद झाली, आता काय? वकील म्हणतात, बक्षीसपत्राने देता येईल. खर्च आहे, पण तो आम्हीच ओढवून घेतलेला. येत्या रविवारी सगळे बसणार आहोत.

बाजीला फोन करून कागदपत्रांसाठी यायला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आता कुठं सही करायचीय?”