पाट, चौरंग आणि स्टूल

घरांतील ज्या वस्तूंवर आपण रोज भार टाकतों, त्यांच्याकडेच आपलें लक्ष सर्वांत कमी जातें. खुर्चीला ऐट आहे, पलंगाला थाट आहे, आणि सोफा आला म्हणजे तर दिवाणखान्याची सारी मांडणी बदलावी लागते. परंतु जिला पाठ नाहीं आणि हात नाहींत अशा ठेंगण्या बैठकीची वास्तपुस्त कोणी करीत नाहीं. आम्हांस मात्र असें वाटतें कीं, एखाद्या घराची रीत जाणावयाची असल्यास तेथील खुर्च्या मोजूं नयेत. पाट, चौरंग आणि स्टूल कोणाच्या वांट्यास येतात तें पाहावें.

आपल्याकडे या वंशाचा मूळ पुरुष पाट. एक सागवानी फळी आणि तिच्याखालीं दोन आडव्या पट्ट्या, एवढाच त्याचा संसार. फार झालें तर कोपऱ्यांत पितळेचीं फुलें. पण पाटपाणी झाल्यावांचून पंगत बसत नसे. मुंजींतला बटु पाटावर, वधूवर पाटावर, भाऊबीजेचा भाऊही पाटावरच. चौरंग हा त्याचा वडील भाऊ. त्याला देवाचा सहवास घडल्यामुळें घरांत त्याचा दरारा अधिक. तिवई ही त्या घराण्यांतील गरीब बहीण; पण तिच्या अंगीं एक गुण असा आहे कीं, तो चौरंगाला साधला नाहीं. तीन पाय कसल्याही जमिनीवर टेकतात. चौथा आला कीं तो अधांतरीं राहून डुगडुगण्याचा संभव असतो. सारवलेल्या उंचसखल भुईवर हें शहाणपण उपयोगीं पडे, आणि पोळपाटालाही पुष्कळदां तीनच पाय असतात तें यामुळेंच. गीतेच्या सहाव्या अध्यायांत योग्याचें आसन फार उंच नसावें व फार सखलही नसावें असें सांगितलें आहे. आमच्या पाटाला हें माप न शिकवतां येतें.

बैठकीला चिकटलेला हा मान केवळ आपल्याकडचा नव्हे. इजिप्तमधील तूतनखामेन राजाची कबर १९२२ सालीं सांपडली, तींत सोन्याच्या सिंहासनाबरोबर एक मिटतें स्टूलही होतें. तें काळ्या एबनी लाकडाचें, हस्तिदंतानें मढविलेलें, आणि त्याच्या पायांचीं टोकें बदकांच्या मुंडक्यांसारखीं. रोममध्यें हस्तिदंती मिटत्या बैठकीवर बसण्याचा अधिकार कॉन्सलसारख्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनाच असे. फ्रान्सच्या व्हर्साय येथील दरबारांत राणीसमोर साध्या स्टुलावर बसावयास मिळणें हा डचेस पदवीच्या स्त्रियांचा मोठा हक्क. इतरांनीं रेशमी झगे सांवरीत उभें राहावें! पश्चिम आफ्रिकेंतील अशांटी लोकांच्या सुवर्णासनाची कथा तर याहून न्यारी. त्यांत साऱ्या राष्ट्राचा आत्मा आहे अशी श्रद्धा असल्यामुळें त्यांचा राजाही त्यावर बसत नाहीं. १९०० सालीं हॉजसन नांवाच्या इंग्रज गव्हर्नरानें तें आपणांस बसावयास मागितलें, आणि एजिसूच्या राजमाता याआ असांतेवा यांच्या नेतृत्वाखालीं युद्ध पेटलें. युद्ध इंग्रजांनीं जिंकलें, पण आसन त्यांच्या हातीं लागलें नाहीं.

या साऱ्या कथांचें सार एकच. जिकडे तिकडे बैठक मानाप्रमाणें वांटली गेली. श्रमाप्रमाणें ती वांटावी हें कोणास सुचलें नाहीं. आमच्याच घरांत जेवणाऱ्यांना पाट, आणि वाढणाऱ्या बायका वांकून वांकून पंक्तीभर फिरत. त्यांचें पान शेवटीं मांडलें जाई, तोंवर पाट उचलून भिंतीला लागलेले असत. मात्र एक खरें कीं, चुलीपुढें तरी त्या बसत. चिरणें, निवडणें, दळणें, लाटणें हीं सर्व कामें बसून होत. पुढें ओटा आला. धूर गेला, कंबरेचें वांकणें गेलें, हें त्याचे उपकार मोठेच. परंतु त्याच दिवशीं घरांतील बाई उभी राहिली ती उभीच राहिली. जेवणाऱ्यांसाठीं पाट जाऊन मेज-खुर्च्या आल्या. ओट्यापाशीं उंच स्टूल मांडावें हें मात्र राहून गेलें.

घराबाहेरही हीच तऱ्हा. कचेरींत साहेबांची खुर्ची आंत आणि शिपायाचें स्टूल दाराबाहेर. तरी शिपायाला बसावयास होतें. दुकानांत कापड उलगडून दाखविणाऱ्या मुलीला तेवढेंही नसे. ब्रिटनमध्यें १८९९ सालीं कायदा झाला कीं, दुकानांतील तीन स्त्री-नोकरांमागें निदान एक बैठक असावी. आपल्या देशांत ही गोष्ट फार उशिरां घडली. केरळांत कोळिकोड येथील विजी या शिंपीकाम करणाऱ्या बाईंनीं दुकानांतील स्त्रियांना एकत्र आणलें व बसण्याचा हक्क मागितला. २०१८ सालीं केरळनें आणि २०२१ सालीं तमिळनाडूनें आपल्या कायद्यांत तशी तरतूद केली. कामावर असतां क्षणभर टेकावें, एवढ्या गोष्टीसाठीं कायदेमंडळापर्यंत जावें लागावें, हें आम्हां सर्वांस विचार करावयास लावणारें आहे.

आम्ही आमच्या स्वयंपाकघरांत एक उंच स्टूल आणून ठेवलें तेव्हां काकू म्हणाल्या, “अरे, बसून का कुठें फोडणी होते?” पहिले कांहीं दिवस त्यावर पिठाचा डबा विराजमान होता. एके संध्याकाळीं पाहतों तों डबा खालीं आणि काकू वर. पुढ्यांत मेथीची जुडी, आणि एक पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर. आम्हांस पाहून त्या उठूं लागल्या. हें उठणेंच आमच्या मनाला लागलें. बसण्याची लाज वाटावी, इतकें उभें राहणें आम्हीं त्यांच्या अंगवळणीं पाडलें होतें.

सुताराकडून असें स्टूल करवून घ्यावयाचें असेल, तर तें ओट्याच्या उंचीला जमेल असें असावें, पाय टेकावयास खालीं दांडी असावी, आणि स्वयंपाकघरांतील फरशी समपातळींत नसल्यास तीन पायांचेंच, पण पाय चांगले फांकलेले असें करवावें. आणि तें आणल्यावर त्यावर डबा ठेवूं नये.