जोईवरचा आळ

संपादकांना माझ्याकडून 'फ्रेंड्स'वर लेख हवा होता. "तुम्ही मालिकांचे संकलक, पडद्यामागच्या गमती लिहा, वाचक खूश होतील," असं त्यांचं म्हणणं. पण 'फ्रेंड्स'वर लिहिणारे पैशाला पासरी मिळतात. कॉलेजची वर्षं ती मालिका बघण्यात घालवलेला प्रत्येक जण तिच्यातला तज्ज्ञ आहे. मी म्हटलं, लिहितो, पण 'जोई'वर लिहीन. "ती फ्लॉप गेली ती ना?" संपादकांनी जपून विचारलं.

हो, तीच. यंदा एका वाहिनीच्या बैठकीत तिचं नाव निघालं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. वाहिनीला आपल्या एका गाजलेल्या विनोदी मालिकेतलं दुय्यम पात्र उचलून त्याची वेगळी मालिका काढायची होती. पायलटचा रफ कट मी लावून दिला. नट पट्टीचा, संवाद बरे, आणि खोलीत एकही माणूस हसेना. मग एका तरुण अधिकाऱ्याने निदान केलं, "सर, हा जोईच झाला. बावळट माणूस बावीस मिनिटं एकटा कसा पेलणार?" हे वाक्य मी बऱ्याच वर्षांपासून ऐकतो आहे. आमच्या धंद्यात ते सुभाषितासारखं फेकलं जातं आणि ते साफ चुकीचं आहे.

आधी घटनाक्रम. 'फ्रेंड्स'चा शेवटचा भाग अमेरिकेत एनबीसीवर ६ मे २००४ रोजी लागला, तेव्हा सुमारे सव्वापाच कोटी लोक टीव्हीसमोर होते. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला, त्याच वाहिनीवर, गुरुवारी रात्री आठच्या त्याच वेळेला 'जोई' सुरू झाली. 'फ्रेंड्स'मधला जोई ट्रिबियानी न्यूयॉर्क सोडून अभिनयातलं नशीब काढायला लॉस एंजेलिसला जातो, एवढीच गोष्ट. पहिला भाग सुमारे १ कोटी ८६ लाख लोकांनी पाहिला. शेवटचा ७ मार्च २००६ रोजी लागला, तेव्हा ४० लाखांच्या आसपास उरले होते. ४६ भाग तयार होते, त्यातले ८ वाहिनीने दाखवलेच नाहीत.

आता हशाबद्दल बोलतो. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण लोक याबाबत फार आत्मविश्वासाने चुकतात. "ते मागचं हसणं खोटं असतं, मशीनचं," असं मला लग्नात, रेल्वेत, दवाखान्यातसुद्धा ऐकवलं गेलंय. मशीन होतं, नाही असं नाही. चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने १९५०च्या दशकात ते बनवलं आणि अमेरिकेतल्या कितीतरी मालिकांना हसू पुरवलं. पण 'फ्रेंड्स' आणि 'जोई' या दोन्ही मालिका स्टुडिओत बसलेल्या जिवंत प्रेक्षकांसमोर, एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून चित्रित होत. एखाद्या विनोदाला प्रेक्षक हसले नाहीत तर लेखक तिथेच तो बदलत आणि प्रसंग पुन्हा होई. १९९८मध्ये 'फ्रेंड्स'च्या लंडनच्या भागात चँडलरच्या पांघरुणातून मोनिका वर आली, तेव्हा हशा आणि आरडाओरडा थांबेचना. एका रात्रीपुरतं ठरवलेलं ते प्रकरण लेखकांनी त्या आवाजामुळे पुढे नेलं आणि त्या दोघांचं लग्न लावलं. मशीनच्या हशावर कुणी लग्न लावत नाही.

आता संकलकाची अडचण ऐका. पहिल्या टेकला प्रेक्षक खरे हसतात, तिसऱ्याला उपकार म्हणून. नटाचं काम मात्र अनेकदा तिसऱ्यात जमलेलं असतं. मग चित्र एका टेकचं आणि हशा दुसऱ्याचा, अशी सांधेजोड होते. कुठे हशा थोडा वाढवला जातो, कुठे वेळ वाचवायला कापावाही लागतो. शिवाय सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न उरतोच. हशा वाजत असताना पडद्यावर कुणाचा चेहरा ठेवायचा? पंच टाकणाऱ्याचा, की ऐकणाऱ्याचा? बोलणाऱ्यावरून किती फ्रेमनंतर कट मारायचा? आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि चार-पाच इकडेतिकडे झाल्या तरी विनोद पडतो. हे वाचकांना कंटाळवाणं वाटेल, पण 'जोई'चं दुखणं इथेच आहे.

'फ्रेंड्स'च्या तिसऱ्या हंगामातला दुसरा भाग आठवा. जवळजवळ पूर्ण भाग मोनिकाच्या घरात घडतो. खुर्चीवरून भांडण पेटलेलं आणि जोई चँडलरचे असतील नसतील तेवढे सगळे कपडे अंगावर चढवून आत येतो. या प्रसंगात नुसता जोईच दाखवत राहिलात तर काय दिसेल? खूप कपडे घातलेला माणूस. प्रसंग उभा राहतो तो ते कपडे ज्याचे आहेत, त्याच्या चेहऱ्यावर. जोई जे बोलतो ते त्याच्या दृष्टीने अगदी तर्कशुद्ध असतं. ते अतर्क्य आहे, हे आपल्याला चँडलरच्या, रेचेलच्या, रॉसच्या नजरेतून कळतं. सहा पात्रांच्या पंधरा जोड्या होतात. त्यातल्या पाचांत जोई आहे आणि पाचही जण त्याच्याकडे वेगवेगळ्या तऱ्हेने बघतात.

नव्या मालिकेत त्याच्याकडे कोण बघतं? सख्खी बहीण जीना. ती त्याला लहानपणापासून ओळखते, तिला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. भाचा मायकल अत्यंत हुशार आणि बुजरा. पण त्याला मामाचं भयंकर कौतुक. कौतुकाच्या चेहऱ्यावर कट मारून हशा मिळत नाही, हे कुठल्याही संकलकाला विचारा. शेजारीण ॲलेक्स वकील. खरं तर तीच चक्रावायला लायक होती, आणि नेमकी तिलाच पुढे जोईच्या प्रेमात पाडली. उरली त्याची एजंट बॉबी, म्हणजे जेनिफर कूलिज. ती आली की प्रसंग जिवंत होतो, कारण ती त्याच्याकडे विकायच्या मालासारखी बघते. कूलिजला 'द व्हाइट लोटस'साठी २०२२ आणि २०२४मध्ये एमी मिळाल्यावर सगळ्यांना तिचा शोध लागला. ती इथेही होतीच, कुणी बघत नव्हतं.

ऐकणारे नाहीत म्हटल्यावर लेखकांनी औषध काढलं ते रोगापेक्षा वाईट. जोईला एकटा, खट्टू केला. 'फ्रेंड्स'च्या तीन मुख्य निर्मात्यांपैकी 'जोई'त आलेला एकटा केव्हिन ब्राइट. मालिका बंद पडल्यावर त्यानेही उघड सांगितलं की, भरवशाच्या जोईला त्यांनी रडतराऊ करून टाकलं आणि आपलं कुणी ऐकलं नाही. मला हे पटतं. मात्र निर्माताच 'माझं ऐकलं नाही' म्हणतो तेव्हा थोडी गंमतही वाटते. आम्हा संकलकांचं तर कुणी कधीच ऐकत नाही.

काळही उलटा होता. मार्च २००५मध्ये याच एनबीसीवर अमेरिकन 'द ऑफिस' आली. त्यात प्रेक्षकांचा हशा नव्हता. लोकांचे कान बदलू लागले होते. दुसऱ्या हंगामात 'जोई'ला मंगळवारी 'अमेरिकन आयडॉल'समोर नेऊन बसवलं, म्हणजे निकालच लागला.

एखादं पात्र उचलून काढलेल्या मालिका मुळातच चालत नाहीत म्हणावं, तर 'फ्रेझर' बघा. 'चीअर्स'मधला हा मानसोपचारतज्ज्ञ बोस्टनच्या बारमधून सिएटलला गेला आणि ११ वर्षं टिकला. त्याच्या लेखकांनी आधी ऐकणारे उभे केले: निवृत्त पोलीस असलेला रोखठोक बाप आणि फ्रेझरहून तोरेबाज धाकटा भाऊ. 'चीअर्स'मध्ये फ्रेझरने बाप मेल्याचं सांगितलं होतं, तर लेखकांनी तो बेधडक जिवंत केला आणि खुलासा नंतर दिला. 'फ्रेझर'चा शेवटचा भाग 'फ्रेंड्स'नंतर बरोबर एका आठवड्याने लागला. म्हणजे 'जोई'वाल्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच वाहिनीवर धडा होता.

माझं मत विचाराल तर 'जोई'चा पहिला हंगाम तिच्या बदनामीपेक्षा पुष्कळ बरा आहे. दुसऱ्याची वकिली मी करणार नाही. जोई झालेल्या मॅट लेब्लांकचं टायमिंग मात्र दोन्हींत कुठेही ढळलेलं नाही. ते बारकाईने तपासणं हेच माझं काम आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो. सापडल्यास पहिले चार-पाच भाग बघा आणि बघताना बोलणाऱ्यावरची नजर काढून समोरच्यावर ठेवा.

पुढे 'फ्रेंड्स'चाच सहनिर्माता डेव्हिड क्रेन याने जेफ्री क्लारिकबरोबर 'एपिसोड्स' लिहिली. तिच्यात लेब्लांक स्वतःचीच, म्हणजे मॅट लेब्लांकचीच भूमिका करतो, आणि समोर आहे त्याच्या प्रत्येक वागण्याने हबकणारं एक ब्रिटिश लेखक जोडपं. 'फ्रेंड्स'साठी त्याला एमीची तीन नामांकनं मिळाली होती, पुरस्कार एकही नाही. 'एपिसोड्स'साठी २०१२मध्ये गोल्डन ग्लोब मिळालं.