ओलं वजन

निघताना घरच्या काट्यावर सॅक तोलतो, ते तिचं कोरडं वजन. जुलैत माहुलीचा गड चढताना पाठीवर येतं ते ओलं वजन, आणि खरा हिशेब त्याचाच. डोंबिवलीहून कसारा लोकलने आसनगाव, तिथून पायथा, हा आमच्या ग्रुपचा ठरलेला पावसाळी ट्रेक. अर्ध्या चढणीतच सॅकचे पट्टे आणि पाठीकडचा फोम पाणी पितात. नायलॉनही पाणी शोषतं आणि ओलं झालं की सैलावतं. संध्याकाळी ताणून बांधलेला तंबू पहाटे लोंबत असतो.

गेल्या पावसाळ्यात ग्रुपमधल्या एका मित्राने परदेशातून डायनीमाच्या कापडाचा टार्प आणला. चौघं खाली झोपतील एवढा, पण वजन जेमतेम पाव किलो. कापड दुधी, अर्धपारदर्शक, हाताळलं की चुरचुरणारं. उजेडात धरलं तर आतले आडवे-उभे धागे दिसतात. रात्रभर पाऊस झोडपत होता, तरी टार्प जराही सैलावला नाही. सकाळी झटकला, पाणी उडून गेलं आणि पुन्हा पाव किलोच! मी थक्क झाले.

डायनीमा हा धागा पॉलिएथिलीनचा. माहुलीच्या वाटेवर भातलावणी करणाऱ्या बाया डोक्यावरून पाठीवर प्लास्टिक घेतात, त्याच जातकुळीचा. फरक एवढाच की याचे रेणू फार लांब असतात आणि धागा ओढताना ते एका दिशेत ताणून बसवतात. त्यामुळे वजनाला वजन धरलं तर तो पोलादापेक्षा कितीतरी चिवट, आणि तरी पाण्यावर तरंगतो. या कापडाची सुरुवात शर्यतीच्या बोटींच्या शिडांपासून झाली. 'क्यूबेन' हे त्याचं जुनं नाव १९९२ चा अमेरिकाज कप जिंकणाऱ्या 'अमेरिका क्यूब्ड' या बोटीवरून पडलं.

तरी सगळंच डायनीमाचं घ्यावं, असं मी म्हणणार नाही. करवंदीच्या जाळीत त्याचे धागे धरून ठेवणाऱ्या पातळ फिल्मला भोकं पडतात आणि बसाल्टवर घासून ती झिजते. सॅक जाड नायलॉनचीच हवी. स्लिंग, म्हणजे कड्यावर दोर अडकवायची पट्टी, मात्र डायनीमाची उत्तम: बारीक, हलकी, पाणी न पिणारी. पण हा धागा गुळगुळीत, त्यात गाठ सरकते. म्हणून शिवून आलेलीच घ्यायची. शिवाय तो दीडशे अंशांच्या आसपासच वितळतो, नायलॉन दोनशेच्या पुढे. आम्हाला रॅपलिंग शिकवणारे दादा प्रत्येक वेळी बजावतात, "स्लिंगवरून दोर पळता कामा नये. घर्षणाने कापली जाईल."

किंमत हा मोठा अडसर आहे. आमच्यात कॉलेजची मुलं जास्त, त्यांना तो टार्प परवडणार नाही. म्हणून आम्ही सिलिकॉनचा थर दिलेलं पॉलिस्टर घेतलं. डायनीमापेक्षा जड, पण नायलॉनसारखं लोंबत नाही. उल्हासनगरच्या एका मास्टरजींनी त्याचा टार्प शिवून दिला. कापड मशीनखाली निसटत होतं, तरी त्यांनी चिमटे लावून सरळ टीप मारली. सुईच्या भोकांतून पाणी झिरपू नये म्हणून आता प्रत्येक शिवणीवर आम्ही ब्रशने सिलिकॉन भरतो आहोत.