दोन कूलर

आमच्या मालेगावात ‘कूलर’ म्हटले की डोळ्यांसमोर एकच वस्तू येते. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, आत पाण्याचा छोटा पंप आणि पुढे घरघरणारा पंखा. म्हणूनच मे 2024 मध्ये एका रात्री दस्तरख्वानावर मी सहज बोलून गेले, “या महिन्यात कूलर घ्यायचा आहे,” तेव्हा सासूबाईंचा चेहरा उजळला. “अल्लाह तेरा भला करे,” म्हणत त्यांनी अब्बांकडे पाहिले. अब्बा म्हणजे माझे सासरे. सत्तरी उलटली आहे. वरच्या पत्र्याच्या खोलीत झोपतात आणि उन्हाळ्यात रात्रीतून तीनदा उठून मानेवर पाणी मारतात. मी मान खाली घातली. मी बोलत होते तो कूलर संगणकाच्या पोटात बसवायचा होता.

भिशीचे 8,000 रुपये त्याच आठवड्यात हाती आले होते. पत्र्याचा साधा कूलर बनवून देणाऱ्याने 6,000 सांगितले होते. म्हणजे माझ्या वाट्याला उरत होते 2,000. त्यात बसले तर ठीक, नाही तर दोघांपैकी एकाने उकाडा सोसायचा. तो अब्बांनी सोसावा असे म्हणायला माझी जीभ रेटणार नव्हती.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान आणि गणित शिकवते. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा मोबाइलवर धडे रेकॉर्ड करून मुलींना पाठवू लागले. आमच्या मंडळाच्या पुस्तकावर उर्दूत समजावून सांगणारे फारसे काही मला सापडत नव्हते. शाळा सुरू झाल्या, पण धडे थांबले नाहीत. दिवसा कांड्या भरणाऱ्या आणि म्हणून वर्गात कधी दिसणाऱ्या, कधी न दिसणाऱ्या मुली आमच्याकडे आहेत. बाप रात्री कामावरून परतला की त्याच्या फोनवर त्या माझा धडा पाहतात. त्यांच्यासाठी 2021 मध्ये पैसे साठवून एक संगणक जुळवून घेतला. प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-5 10400. सहा कोअर, 65 वॅटचा. चलचित्राचे काम त्यावर बरे होते.

बरे होत होते, असे म्हणायला हवे. त्या मे महिन्यात वीस मिनिटांचा धडा तयार करायला लावला की पंखा असा काही किंचाळायचा की शेजारची बाई विचारायची, मिक्सर चालू आहे का? धडा अर्ध्यावर आला की काम रांगू लागे. ‘कोअर टेम्प’ नावाचा फुकटचा प्रोग्रॅम टाकून पाहिले तर आकडा 99 वर. या प्रोसेसरची मर्यादा 100 अंश आहे. तिथे पोचला की तो जिवाच्या भीतीने स्वतःच आपला वेग कमी करतो. एका मुलीने तर आवाजी निरोप पाठवला, “आपा, पीछे लूम चल रहा है क्या?”

दुरुस्तीवाल्याला विचारले. पाण्यावर चालणारा कूलर बसवा, सात हजार, असे तो माझ्याकडे न बघता माझ्या दिराला म्हणाला. मी घरी आले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले.

आता यात गंमत अशी की हा विषय मी दरवर्षी शिकवते. उष्णतेचे वहन, अभिसरण, प्रारण. उर्दूत ईसाल, हमल आणि इशाअ. ‘हमल’ शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावर दुपट्ट्यात तोंड खुपसून हसणे सुरू होते, कारण घरात त्याचा अर्थ गरोदरपण. दरवर्षी हसतात, दरवर्षी मी रागावते. प्रोसेसरची उष्णता धातूत जाते ते वहन, धातूवरून हवा ती घेऊन जाते ते अभिसरण. या दोन पायऱ्यांत कुठेतरी आमचे घोडे अडले होते.

आधी झाकण उघडले. खाली अब्बांचे चार लूम आहेत. त्यांचे कापसाचे बारीक तंतू जिन्याने वर येतात, पापडावर बसतात, लोणच्याच्या बरणीवर बसतात. कूलरच्या पट्ट्यांवर त्यांचा असा थर जमला होता की नखाने उचलला तर गादीच्या तुकड्यासारखा अखंड निघाला. हवा जाणार कुठून? शिवाय कूलर दाबून धरणाऱ्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांपैकी एक निसटलेली होती आणि मधली उष्णतावाहक पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ब्रशने सफाई केली, जुनी पेस्ट पुसली, 200 रुपयांची नवी आणून तांदळाच्या दोन दाण्यांएवढी लावली, खुंटी बसवली. आकडा 88 वर आला. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने इथेच थांबावे, काही बिघडत नाही. पण पंख्याची किंकाळी थोडीच उतरली होती, आणि माझा धडा म्हणजे शेवटी माझा आवाजच.

उरले 1,800. पाण्याचा कूलर मी आधीच बाद केला होता. त्यात पंप असतो, पंप कधीतरी बंद पडतो, आणि 65 वॅटसाठी एवढा थाट कशाला? राहिला मनोऱ्यासारखा उभा कूलर. अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची चळत, तिच्यातून जाणाऱ्या तांब्याच्या नळ्या आणि 120 मिलिमीटरचा पंखा. या नळ्या भरीव नसतात. आत थोडासा द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ते नळीच्या आतल्या अस्तरातून झिरपत परत येते. भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटते तोच प्रकार. आणि मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, म्हणून आवाज कमी.

किमती पाहू लागले तर दीड-दोन हजारांत पाच-सहा नावे निघाली. इथे माणूस रंगीत दिव्यांना भुलतो. मी भुलणार नव्हते असे नाही, पण कंपासपेटीतली पट्टी आडवी आली. प्रोसेसरपासून कॅबिनेटच्या झाकणापर्यंत आतून जागा भरली 156 मिलिमीटर. बहुतेकांच्या तोंडी असलेल्या कूलर मास्टर हायपर 212 इव्होच्या जुन्या आवृत्तीची उंची 159. तीन मिलिमीटरने ते स्थळ मोडले. डीपकूलचा एजी400 भरला 150, चार नळ्यांचा. दुसरी खात्री भोकांची. माझ्या बोर्डचा सॉकेट एलजीए 1200, त्यात भोकांमधले अंतर 75 मिलिमीटर, जुन्या 1155 आणि 1151 मध्ये होते तेवढेच. नंतरच्या 1700 मध्ये ते 78 झाले. म्हणून नुसते ‘इंटेलला चालतो’ एवढ्यावर पैसे देऊ नयेत, सॉकेटचा आकडा विचारावा.

धाकटा दीर नाशिकला जाणार होता. दुकानातून त्याने फोन लावून दिला. दुकानदाराने विचारले, “मॅडम, गेमिंग के लिए चाहिए?” म्हटले, “नहीं भाई, अल्जेब्रा के लिए.” पलीकडे क्षणभर शांतता. मग भला माणूस हसला आणि 1,750 ला दिला.

बसवायला मीच बसले. बोर्ड बाहेर काढून मागे पट्टी लावायची, पुढून स्क्रू. एक स्क्रू पूर्ण आवळायचा नाही. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे, म्हणजे दाब सारखा पडतो. बिस्मिल्लाह म्हणून बटण दाबले, धडा लावला. आकडा 90, 93, 95. छातीत धस्स झाले. भिशीचे पैसे, नाशिकचा हेलपाटा, सासूबाईंना काय सांगू? पुन्हा सगळे उघडले. कूलरच्या तळाला संरक्षणासाठी लावलेली पारदर्शक चिकटपट्टी तशीच होती! वर्षभर प्रश्नपत्रिका वाटताना ‘आधी सूचना वाचा’ म्हणून ओरडणारी मी. त्या दिवशी घरात कोणी पाहिले नाही हे बरे झाले. आता लिहून टाकले, तर टाकले.

पट्टी काढून, पेस्ट लावून पुन्हा बसवला. खोलीत 38 अंश, प्रोसेसर 69. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो, नुसता 69 नव्हे. हवेचा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त मधले अंतर कमी करतो. सफाईनंतर तेवढ्याच गरम खोलीत हे अंतर 50 होते, आता 31. महाबळेश्वरला कोणी 55 सांगितले तर त्याचा कूलर माझ्यापेक्षा चांगला ठरत नाही. कॅबिनेटच्या तोंडाला आधी मलमलीचा जुना दुपट्टा बांधून पाहिला, पण हवा कोंडून आकडा सहाने चढला. आता मच्छरदाणीचा तुकडा आहे, आणि दर आठवड्याला ब्रश.

अब्बांचा कूलर त्याच शनिवारी आला. वर चढवताना जिन्यात दोनदा अडकला. त्याचे माप कोणी घेतले नव्हते.

नव्या कूलरवर पहिला धडा मी ‘हमल’चाच केला. पाठवला, आणि रात्री त्याच मुलीचा निरोप आला, “आपा, अभी भी लूम की आवाज आ रही है.” मी कान लावून ऐकले. खरेच येत होती. संगणक गप्प झाल्यावर खालचे लूम माइकमध्ये स्वच्छ ऐकू येऊ लागले होते. ते बंद ठेवा असे अब्बांना कोण सांगणार? आमच्याकडे लूमची सुट्टी शुक्रवारी असते. आता मी धडे जुम्याच्या नमाजनंतर रेकॉर्ड करते.