लॉगिन पट्टीत काहून घुसते?

२००३ सालचा कापसाचा हंगाम. तेल्हाऱ्यातल्या एका जिनिंगमध्ये मुनीमजी काट्यावरची आवक एएसपीत लिहिलेल्या पानांवर नोंदवत. प्रोग्राम दुसऱ्याचा, दुरुस्ती माझ्याकडे. पडद्याच्या दोन फ्रेमा: डावीकडे शेतकऱ्याचं नाव शोधायची अरुंद पट्टी, उजवीकडे वजन-भावाचा फॉर्म.

मुनीमजी गाडी बघायला उठत, तिथून चहाला. वीस मिनिटं हात लागला नाही की सेशन संपलं. त्यात भारनियमन! यूपीएसने दम सोडला की सर्व्हर पुन्हा सुरू व्हायचा आणि मेमरीतली सगळी सेशनं पुसलेली. सेशन नसलं की प्रोग्राम लॉगिनकडे रिडायरेक्ट करायचा. मग नाव शोधलं की लॉगिनचं पान त्या पट्टीतच, अर्धं कापलेलं.

“भाऊ, थे लॉगिन पट्टीत काहून घुसते?”

मालक म्हणाले, रिडायरेक्टच्या ओळीतच फ्रेमचं नाव टाका. तशी सोयच नाही. रिस्पॉन्स.रिडायरेक्ट ब्राउझरला ३०२ हा आकडा आणि नवा पत्ता कळवतं, बस्स. पान कुठल्या फ्रेममध्ये उघडायचं हे मागणी निघतानाच ठरलेलं असतं. सर्व्हरला फ्रेमा दिसतच नाहीत. नेटस्केपने ‘विंडो-टार्गेट’ नावाचा हेडर काढला होता, पण एचटीटीपीच्या मानकात तो कधी आला नाही.

मुनीमजींनी ऐकून घेतलं. “म्हंजे खिडकीत जो उभा, पावती त्याच्याच हाती.” इतकं नेमकं मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

शोधाचा निकाल उजवीकडे हवा होता, तिथे फॉर्मच्याच टार्गेटमध्ये उजव्या फ्रेमचं नाव दिलं. लॉगिनसाठी मात्र रिडायरेक्ट काढून छोटंसं पान पाठवलं. त्यात जावास्क्रिप्टची एकच ओळ: टॉप.लोकेशन बदल. दोन्ही फ्रेमा जाऊन लॉगिन पूर्ण पडद्यावर. खरी मेख पुढे होती. रिडायरेक्ट पानाचं काम तिथेच थांबवतं. स्क्रिप्टची ओळ थांबवत नाही. तिच्यामागे रिस्पॉन्स.एंड नसेल, तर समोर लॉगिन दिसत असतानाच खालचा कोड चालतो आणि सेशन नसलेल्या माणसाचंही वजन चढतं. कापसाच्या हिशेबात हे परवडणारं नव्हतं.

फ्रेमसेट एचटीएमएल ५ ने बाद केला, आयफ्रेम राहिली. आता एक्स-फ्रेम-ऑप्शन्सने सर्व्हर ‘मला दुसऱ्याच्या फ्रेममध्ये दाखवू नका’ म्हणू शकतो. ‘अमुक फ्रेममध्ये उघडा’ मात्र त्याला अजूनही म्हणता येत नाही.